गोफणीचा दगड पत्र्यावर आदळतानाचा वेग : एक प्रकरण अभ्यास

अमळनेर तालुक्यात तापीच्या बाजूच्या काळ्या जमिनीत हिवाळ्यात दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, उभी असते. कणसात दूध भरलं की पाखरांचे थवे उतरतात आणि राखण सुरू होते. शेताच्या मधोमध लाकडी माळा, त्यावर घरातलं कोणीतरी आणि हातात गोफण. या प्रकरणातली गोफण माझ्या बारावी सायन्सच्या एका विद्यार्थिनीच्या मोठ्या भावाच्या हातात होती. त्याने सोडलेला एक दगड बांध ओलांडून शेजारच्या शेतात गेला आणि चाऱ्याच्या शेडच्या पत्र्यावर आदळला. खाली म्हैस बांधलेली होती. तिला काही झालं नाही, पण पत्र्याला चांगला पोचा पडला.

भांडण झालं नाही, वाद मात्र झाला. मुलीच्या वडिलांना गावात आप्पा म्हणतात. त्यांचं म्हणणं होतं, "तठे जाता जाता दगड थकी जास." इतक्या लांबून आलेल्या दगडात जोर राहतोच कुठे, पत्रा आधीच खराब असणार. शेजारचे नाना म्हणाले, "आप्पा, मना पत्रा दखा, मंग सांगा." हा दगड माणसाच्या डोक्यात बसला असता तर माणूस उठला नसता, असं त्यांचं मत होतं. मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात हाच प्रश्न घेऊन आली : "सर, दगड पडताना त्याचा वेग किती असतो ते काढता येईल का? दोघांतलं बरोबर कोण?"

पुस्तकातल्या गणितात सुरुवातीचा वेग आणि कोन आयते दिलेले असतात. शेतात ते कोणी देत नाही. जे घडून गेलं त्याच्या खुणांवरूनच सगळं उभं करावं लागतं. म्हणूनच मला हे प्रकरण पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एखाद्या क्षणी बदलाचा दर, काढणं ही त्यातली सगळ्यात सोपी पायरी होती. कशाचं काढायचं, कोणत्या क्षणी काढायचं आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय, इथेच वर्गाचा खरा कस लागला.

मोजमाप

सुदैवाने दगड सुटला तेव्हा मुलगी माळ्याखाली उभी राहून भावाचा व्हिडिओ काढत होती. स्टेटसला ठेवायचा होता. त्यात गोफणीची दोरी सुटते ती चौकट स्पष्ट दिसते आणि नंतर पत्र्याचा आवाज ऐकू येतो. दोन्हींमधलं अंतर ३.२६ सेकंद. पण आवाज शेडपासून फोनपर्यंत यायलाही वेळ लागतो. पन्नास मीटरच्या टेपने बांधाच्या कडेने मोजलं तर माळा ते शेड अंतर ९० मीटर भरलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे आवाजाच्या प्रवासाचे ०.२६ सेकंद वजा करायचे. दगड हवेत ३ सेकंद होता.

माळ्याची फळी जमिनीपासून ३ मीटर. भावाचा वर गेलेला हात धरून दगड सुटण्याची जागा आणखी २.१ मीटर वर, म्हणजे एकूण ५.१ मीटर. पोचा पडला ती जागा जमिनीपासून ३ मीटर उंच. शेत सपाट आहे, त्यामुळे चढउताराचा हिशेब लागला नाही. दगड नानांनी जपून ठेवला होता. काळा, जवळजवळ गोल, ५ सेंटीमीटर जाडीचा. किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचं वजन १८० ग्रॅम भरलं.

समीकरणं

आधी हवेचा अडथळा नाही असं धरलं. फेकलेल्या वस्तूची आडवी आणि उभी गती वेगवेगळी मोजायची ही वाट गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात घालून दिली. आडव्या दिशेने कोणी ओढत नाही, म्हणून वेग कायम. ३ सेकंदांत ९० मीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. उभ्या दिशेने गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वेग खाली वळवत राहतं. सुटताना वरच्या दिशेचा वेग किती होता हे माहीत नाही, पण ५.१ मीटरवरून निघालेला दगड ३ सेकंदांनी ३ मीटर उंचीवर होता हे माहीत आहे. तेवढ्यावरून तो १४ निघतो. ट हा सेकंदांतला वेळ, क्ष हे आडवं अंतर आणि य ही जमिनीपासूनची उंची धरली तर :

क्ष = ३०ट
य = ५.१ + १४ट − ४.९ट²

दोन्हींचं वेळेच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह :

क्ष′ = ३०
य′ = १४ − ९.८ट

ट = ३ ला य′ = १४ − २९.४ = −१५.४. ऋण चिन्ह म्हणजे दगड खाली येतोय. दोन दिशा काटकोनात आहेत, म्हणून एकूण वेग = √(३०² + १५.४²) = √११३७.१६, म्हणजे सेकंदाला ३३.७ मीटर. तासाला १२१ किलोमीटर.

वेळ मोजण्यात चूक झाली असेल तर? व्हिडिओतली चौकट एक-दोनने मागेपुढे होऊ शकते, म्हणून मुलांना ट २.९ आणि ३.१ धरून सगळं पुन्हा करायला लावलं. उत्तरं आली ३४.४ आणि ३३.१. वेळ कमी धरला की आडवा वेग वाढतो, पण उभा कमी होतो, आणि दोघं मिळून एकूण वेग फारसा हलू देत नाहीत. शेतात केलेल्या मोजमापाला एवढी खात्री पुष्कळ झाली.

वर्गात आलेली उत्तरं

हे उत्तर फळ्यावर मांडण्याआधी मी फक्त दोन समीकरणं लिहिली आणि विचारलं, आदळताना वेग किती? सर्वांत जास्त वह्यांत उत्तर होतं शून्य. कारण एकच : दगड पत्र्यावर टेकला म्हणजे थांबला, थांबला म्हणजे वेग शून्य.

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यामागे एक खरी अडचण आहे. आदळण्याआधी दगडाचा नियम एक आणि आदळल्यानंतरचा दुसरा. ट = ३ या बिंदूला उंचीचा आलेख मोडलेला आहे. डावीकडून येणारी रेघ तीव्र उताराची, उजवीकडे जाणारी निराळीच. डाव्या आणि उजव्या बाजूचं डेरिव्हेटिव्ह जुळत नाही, म्हणून काटेकोरपणे त्या बिंदूला डेरिव्हेटिव्ह नाहीच. आपण 'आदळतानाचा वेग' म्हणतो ते डाव्या बाजूचं डेरिव्हेटिव्ह असतं, म्हणजे टेकण्याच्या आधीच्या छोट्या छोट्या काळातली सरासरी ज्या आकड्याकडे जाते तो आकडा. पाठ्यपुस्तकं हा मुद्दा ओलांडून पुढे जातात आणि मुलं शून्यावर अडकतात.

फळ्यावर मी हेच उलगडलं. शेवटच्या ०.१ सेकंदात दगड ४.४९१ मीटरवरून ३ मीटरवर आला, म्हणजे सरासरी −१४.९१. शेवटच्या ०.०१ सेकंदात सरासरी −१५.३५१. शेवटच्या ०.००१ सेकंदात −१५.३९५१. प्रत्येक वेळी −१५.४ शी असलेलं अंतर दहापटीने कमी होतंय आणि शून्याच्या दिशेने काहीच जात नाही. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "म्हणजे सर, दगडाला पत्रा येतोय हे माहीतच नसतं." अगदी बरोबर. पत्र्याला शिवेपर्यंत दगड पत्रा नसल्यासारखाच चाललेला असतो.

इथे मी भास्कराचार्यांचा विषय काढला. १११४ साली जन्मलेल्या या गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने उभारलेल्या मठाचा शिलालेख आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणादेवीला आहे. साल १२०७. वर्गातली बरीच मुलं तिथे सहलीला जाऊन आलेली, पण त्या लेखाचा आपल्या अभ्यासाशी संबंध आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत भास्कराचार्य ग्रहाची स्थूल गती आणि तात्कालिक गती वेगळी करतात. आजची जागा आणि उद्याची जागा यांतला फरक ही स्थूल गती. पण चंद्राची गती मोठी असते आणि क्षणाक्षणाला बदलते, म्हणून तिथीचा शेवट जवळ आला असेल तेव्हा त्या क्षणाची गतीच धरायला हवी, असं ते सांगतात. आपला दगडही तसाच. तीन सेकंदांची सरासरी एक गोष्ट सांगते आणि पत्र्याला भिडतानाचा क्षण दुसरी. ज्यांनी ९० भागिले ३ करून ३० लिहिलं होतं, ते स्थूल गतीवर थांबले होते आणि तीही फक्त आडव्या दिशेची.

काहींनी ३० आणि १५.४ ची सरळ बेरीज करून ४५.४ लिहिलं. काहींनी उभा भाग तेवढाच घेऊन १५.४. पायथागोरस आठवला की ही दोन्ही उत्तरं दुरुस्त होतात, त्यावर वेळ घालवला नाही. एका हुशार मुलाने य = ० धरून वेळ ३.१८ सेकंद काढली आणि वेग ३४.६. त्याची पद्धत निर्दोष होती, पण दगड जमिनीवर नाही, तीन मीटर उंच पत्र्यावर पडला होता. प्रश्न पुन्हा वाच, एवढंच सांगितलं.

ज्या उत्तराने मला खरा आनंद दिला ते होतं −०.५१. त्या मुलीने ट काढून टाकून य थेट क्ष मध्ये लिहिला, मार्गाचं समीकरण मिळवलं आणि त्याचं क्ष च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेतलं. आकडेमोड चोख, पण मिळाला तो वेग नव्हे, मार्गाचा उतार. या आकड्याला मीटर नाही आणि सेकंदही नाही. हाच मार्ग दगडाने दुप्पट वेगाने कापला असता तरी उतार −०.५१ च राहिला असता. वेळ हिशेबातून काढला की वेगही गेला. वर्गाला मी तेव्हा इतकंच म्हणालो की हा आकडा पुसू नका, पुढे लागेल.

दुसऱ्या कोनात मारला असता तर

मग प्रश्न आला की भावाने दगड अजून उंच मारला असता, कमी जोराने आदळला असता का? यासाठी नवी आकडेमोड न करता वेगाच्या वर्गाचंच डेरिव्हेटिव्ह घेतलं. क्ष′² + य′² चं वेळेच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह = २क्ष′क्ष″ + २य′य″. क्ष″ आणि य″ म्हणजे वेगाचं डेरिव्हेटिव्ह, त्वरण : आडवं शून्य, उभं −९.८. म्हणजे उरतं −१९.६य′. आणि १९.६य चं डेरिव्हेटिव्ह १९.६य′. दोन्हींची बेरीज शून्य. ज्याचं डेरिव्हेटिव्ह सतत शून्य ते बदलत नाही :

क्ष′² + य′² + १९.६य = कायम

भौतिकशास्त्राच्या तासाला ऊर्जेची अक्षय्यता म्हणून शिकलेली गोष्ट अशी दोन ओळींत गणितातून बाहेर पडली. तिच्यात कोन कुठेच नाही. सुटतानाचा वेग √(३०² + १४²) = ३३.१. पत्रा सुटण्याच्या जागेपेक्षा २.१ मीटर खाली, म्हणून वेगाचा वर्ग १९.६ × २.१ = ४१.१६ ने वाढणार आणि ३३.७ येणार, कोन कुठलाही असो. वेग सर्वांत कमी असतो तो य′ शून्य असताना, म्हणजे १.४३ सेकंदांनी, १५.१ मीटर उंचीवर. तिथेही तो ३० असतो.

आप्पांच्या 'थकतो'ला हे उत्तर दिसायला सरळ वाटतं : दगड थकत नाही, उलट सुटला त्यापेक्षा थोडा जास्तच वेगाने आदळतो. पण एवढ्यावर थांबणं आप्पांवर अन्याय झाला असता. आयुष्यभर गोफण चालवलेला माणूस जे पाहतो ते आधी तपासायला हवं.

हवा

पाच सेंटीमीटरचा गोल दगड सेकंदाला ३३ मीटर जात असेल तर हवा त्याला दर सेकंदाला सुमारे ३.३ मीटर प्रतिसेकंद इतकं मागे ओढते. गुरुत्वाकर्षणाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. हे सोडून देण्याजोगं नाही. हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. आपल्या दगडासाठी वेगाचा वर्ग गुणिले ०.००३ एवढा धरता येतो आणि तो नेहमी चालीच्या उलट दिशेने लागतो. आता आडवी आणि उभी गती एकमेकींत अडकतात आणि बारावीच्या हाताला लागेल असं सूत्र राहत नाही.

तरी काम अडलं नाही. डेरिव्हेटिव्ह म्हणजे या क्षणी बदलाचा दर. तो माहीत असेल तर पुढच्या ०.१ सेकंदानंतर काय होईल ते जवळपास सांगता येतं. प्रश्न घेऊन आलेल्या मुलीने फोनवरच्या एक्सेलमध्ये तीस ओळींचा तक्ता केला. प्रत्येक ओळीत त्या क्षणाचा वेग, त्यावरून हवेचा अडथळा, त्यावरून पुढच्या ओळीचा वेग आणि जागा. सुरुवातीचा वेग अंदाजाने घालायचा आणि तिसाव्या ओळीला दगड ९० मीटरवर, ३ मीटर उंचीवर येईपर्यंत तो बदलत राहायचा. तक्ता जुळला तेव्हा सुटतानाचा वेग सुमारे ३७ आला आणि आदळतानाचा सुमारे ३०. आडवा भाग २६.१, उभा −१४.७.

म्हणजे आप्पांचं निरीक्षण खरं होतं. दगड वाटेत सेकंदाला सात मीटर वेग गमावतो. नानांची भीतीही खरी होती. ३० मीटर प्रतिसेकंद म्हणजे तासाला १०८ किलोमीटर. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, हा दगड त्याहून जड आणि कठीण. मध्यमगती गोलंदाजाचा चेंडू हेल्मेटशिवाय डोक्यात घ्यायची कोणाची तयारी असते? दोघांसमोर आम्ही हे याच शब्दांत मांडलं. आप्पांनी तक्ता पुरता पाहिला, आकडा दोनदा विचारला आणि पत्र्याचे पैसे द्यायचं कबूल केलं. गोफण आता नाल्याच्या बाजूला तोंड करून चालते आणि दगडांऐवजी उन्हात वाळवलेले मातीचे गोळे वापरतात. त्याच मापाचा मातीचा गोळा हलका, म्हणून हवा त्याला जास्त अडवते, आणि आदळला की फुटून जातो. पाखरं तर गोफणीच्या आवाजानेही उठतात.

पोचा लांबट का?

एक गोष्ट उरली होती. पोचा गोल नव्हता. माळ्याकडून शेडच्या दिशेने तो लांबट होता आणि त्याच्या वरच्या टोकाला पत्र्यावर बोटभर ओरखडा होता. शेडला एकच उतार, माळ्याच्या बाजूला खाली येणारा, सुमारे १० अंशांचा.

इथे −०.५१ वाली वही पुन्हा उघडली. हवा धरून उतार −१४.७ भागिले २६.१, म्हणजे −०.५६. दगड आडव्याशी २९ अंशांचा कोन करून खाली येत होता आणि पत्रा त्याच्याकडे १० अंश कललेला. पत्रा आणि दगडाची दिशा यांत ३९ अंश. ३० च्या वेगाचे दोन भाग पडतात : पत्र्याच्या पृष्ठावरून सरकणारा सुमारे २३ आणि पत्र्यात घुसणारा ३० × साइन ३९°, म्हणजे १९. सरकणारा भाग मोठा, म्हणून पोचा लांबट आणि पुढे ओरखडा. वेग एकट्याने हे सांगू शकत नव्हता, त्याला उताराची जोड लागली.

मग ज्या मुलीचं ते उत्तर होतं तिनेच विचारलं, शेडचा उतार उलट्या बाजूला असता तर? कोन २९ वजा १०, म्हणजे १९ अंश. पत्र्यात घुसणारा वेग १९ ऐवजी १० च्या आसपास. पोचा ऊर्जेने पडतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते. दगड तोच, वेग तोच, तरी पत्र्यात घुसणारी ऊर्जा साडेतीन पटींहूनही जास्त घटली असती.